आरशात लिहिलेलं पान

माझे थोरले दीर एकेचाळीस वर्षं वाद्यवृंदात नोटेशन उतरवायच्या कामावर होते. नव्वद वादक मिळून एक रचना वाजवतात, पण प्रत्येकाच्या समोर पान असतं ते फक्त त्याच्या वाद्याचं. ही पानं मूळ प्रतीवरून हाताने उतरवून काढावी लागत. व्हायोलिनवाल्यांची वेगळी, बासरीवाल्यांची वेगळी. शिवाय पान उलटायची जागा अशी साधायची, की तिथे त्या वादकाला चार मात्रा गप्पच बसायचं असेल आणि हात मोकळा असेल. भावोजी हे इतकं चोख करत की वाद्यवृंदात त्यांना सगळे 'बिनचूक' म्हणत. चुकलेली शाई खरवडायला कॉपी-रूममध्ये प्रत्येक टेबलावर एक ब्लेड असे. भावोजींच्या टेबलावर नव्हतं. नवा माणूस कामावर आला की ते त्याला आधी ती रिकामी जागा दाखवत.

ते डावरे होते. शाळेत गुरुजींनी त्यांचा डावा हात दोन वर्षं बाकाच्या पाठीला बांधून ठेवला होता. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर डावऱ्या मुलींना लाकडी पट्टीने मारत, ते त्यामानाने बरं म्हणायचं. त्या दोन वर्षांमुळे भावोजी अक्षरं उजव्या हाताने लिहीत, आणि ती कोणालाही लागत नसत. वाण्याला दिलेली यादी परत येई. नोटेशन मात्र ते मोठेपणी शिकले, तेव्हा हात बांधायला कोणी नव्हतं, म्हणून ते डाव्या हाताने. डावरा हात ओल्या शाईवरून सरकत जातो आणि सगळं फरफटतं, म्हणून ते मनगट वरून वाकवून, विंचवाच्या नांगीसारखं धरून लिहीत. त्या हाताखालून निघालेलं पान छापल्यासारखं दिसे.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो. वरच्या मजल्यावर भावोजी आणि जाऊबाई, खाली मी आणि माझे यजमान. फोन वरच होता.

जगात कुठेही जुन्या मोठ्या संगीतकारावर सिनेमा निघाला की भावोजी आम्हा तिघांना घेऊन तो बघायला जात, आणि आमच्यापैकी एकालाही तो बघू देत नसत. अंधारात त्यांची कुजबुज चालू.

"हा पियानो अजून साठ वर्षांनी जन्माला येणार आहे."

"ही रचना त्याने बाविसाव्या वर्षी केली. इथे केस पिकलेत बघा."

"मेणबत्ती बघ, मेणबत्ती! मगाशी अर्धी होती, आता आख्खी. खत घालतात वाटतं."

एकदा पडद्यावर संगीतकाराची बायको क्षयाने शेवटचे श्वास घेत होती आणि मागच्या रांगेतल्या बायका रडत होत्या. माझे यजमान म्हणाले, "दादा, जरा गप्प बस ना, मरतेय ती."

"मरू दे की. पण मगाशी पत्र डाव्या हातात होतं तिच्या."

घरी आल्यावर ते 'चुकांची वही' काढून बसत. सिनेमाचं नाव, चूक, सिनेमाच्या सुरुवातीपासून किती मिनिटांवर. नोंदी वाढत वाढत दोनशे बारावर गेल्या होत्या. मग ते कंपनीला पत्र पाठवत. ते टाइप करून घेत, कारण त्यांच्या अक्षरातलं पत्र पोस्टमनलाही कळलं नसतं. बहुतेक पत्रांना उत्तर येत नसे. त्या मेणबत्तीच्या पत्राला आलं. 'दृश्यांचा मेळ राखण्याचे काम पाहणाऱ्या मुलीला कामावरून कमी करण्यात आले आहे. आपल्या सूक्ष्म निरीक्षणाबद्दल आभार.' जेवणाच्या टेबलावर भावोजींनी ते दोनदा वाचून दाखवलं.

"केवढी असेल हो ती?" जाऊबाईंनी विचारलं.

"वयाचा इथे काय संबंध? मेणबत्ती वाढली की नाही?"

हीच नजर घरातही फिरायची. जाऊबाईंना गोष्ट सांगायची फार हातोटी होती. भाजी आणायला गेल्या तरी परत येताना एक किस्सा घेऊन येत, आणि शेजारच्या बायका मुद्दाम त्यांच्याकडे तो ऐकायला येत. भावोजी कोपऱ्यात पेपर वाचत असत. किस्सा रंगात आला की पेपरामागून आवाज येई, "बुधवार." जाऊबाई थांबत. "मंगळवार म्हणालीस. बुधवार होता." किंवा, "निळी नाही, करडी गाडी." किंवा नुसतं, "तीन. चार नव्हे." गोष्टीतली हवा गेलेली असे. बायका उठून घरी जात.

आणि वाद झालाच तर माझी वही.

मी अकराव्या वर्षापासून रोजची डायरी लिहिते. सिस्टरने पहिली वही देताना सांगितलं होतं, तारीख लिही, हवा लिही, कोण आलं आणि काय घडलं ते लिही. तुला काय वाटलं ते लिहू नकोस, ते देवाला माहीत असतं. मी ते कधी मोडलं नाही. भावोजींना माझ्या वहीचं भारी कौतुक. मला ते 'वहीवाली' म्हणत. "काय वहीवाले, आज ऊन की ढग?" असं जिन्यात रोज विचारायचे. आम्ही दोघं एका जातीचे आहोत असं त्यांना वाटे. मलाही ते आवडत होतं.

जाऊबाईंची आई गेली त्याला तेव्हा वर्ष व्हायचं होतं. त्यांच्या दोघी मावसबहिणी भेटायला आल्या होत्या. मीही वर होते. जाऊबाई सांगत होत्या, "निरोप आला आणि निघालेच मी. काय तो पाऊस! गाडी मिळेना. चालत गेले अर्धा रस्ता. पोचले तेव्हा नखशिखांत भिजलेली. आईने डोळे उघडले, माझ्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाली, 'अगं, केस पूस आधी.' तेवढंच. मग गेलीच." दोघी बहिणींनी डोळ्यांना रुमाल लावले.

"पाऊस नव्हता," पेपरामागून आवाज आला.

"होता हो."

"नव्हता. वहीवाले, गेल्या वर्षीची वही आण बरं."

मी खाली गेले. वही सापडली नाही असं सांगता आलं असतं. कपाटात वर्षांप्रमाणे लावलेल्या वह्या, सापडणार नाही कशी? मी घेऊन आले आणि त्यांनी सांगितलं म्हणून मोठ्याने वाचलं. "कोरडं, कडक ऊन. सहा चादरी धुतल्या. दोनपर्यंत वाळल्या. दुपारी वहिनींची आई गेली."

"बघ," भावोजी म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं.

जाऊबाई कप गोळा करायला लागल्या. एक कप हातात धरून त्या उभ्या राहिल्या. "मग माझे केस कशाने ओले होते?"

"घामाने."

ती गोष्ट जाऊबाईंनी पुढे कित्येक वर्षं कोणाला सांगितली नाही. म्हणजे त्यांच्या आईचं शेवटचं बोलणं कोणाला सांगितलं नाही, कारण ते पावसाशिवाय सांगता येत नव्हतं.

माझे यजमान गेले. मी खाली एकटी राहू लागले. भावोजींची नोकरी संपायला दोन वर्षं उरली होती, तेव्हा एक सिनेमावाला आला.

सिनेमा एका संगीतकाराच्या अखेरच्या दिवसांवर होता. तो आजारी पडतो आणि अंथरुणात बसून आपल्या शेवटच्या रचनेचं शेवटचं पान लिहितो, असा प्रसंग. त्या वेळी पडद्यावर फक्त हात दिसायचा, हात आणि कागद. नटाला पिसाचा टाक धरता येत नव्हता. त्याने काढलेले सूर पानावर मेलेल्या माश्यांसारखे दिसत. दिग्दर्शक हात शोधत कॉपी-रूममध्ये आला आणि भावोजींच्या टेबलापाशी थांबला.

"हाच," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा भावोजींच्या हाताकडे कोणीतरी बोट दाखवत होतं. एकोणचाळीस वर्षं त्यांनी लिहिलेलं नव्वद जण वाजवायचे आणि टाळ्या पडायच्या त्या दुसऱ्यांसाठी. घरी आले ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. त्यांनी इमारतीत सगळ्यांना सांगितलं. जिन्यातल्या झाडूवालीलाही सांगितलं.

अडचण एकच होती. संगीतकार उजवा, नट उजवा, आणि हात डावा. दिग्दर्शकाने तोड काढली. सगळं उलटं मांडायचं. मेणबत्ती, दौत, बाहीची बटणं, सगळं दुसऱ्या बाजूला. भावोजींनी डाव्या हाताने पान उलटं लिहायचं, आरशात दिसतं तसं, उजवीकडून डावीकडे. मग छापताना फिल्म फिरवायची. डावा हात उजवा होईल आणि पान सरळ होईल.

"जमेल का?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मला?" भावोजी म्हणाले.

वाद्यवृंदाला तीन महिन्यांची सुट्टी होती. त्या तीन महिन्यांत रोज दुपारी दोन तास त्यांनी उलटं लिहायचा सराव केला. लिहिलेलं बरोबर आहे की नाही ते आरशात बघायचं. त्यासाठी जाऊबाईंच्या ड्रेसिंग टेबलचा आरसा स्क्रू काढून जेवणाच्या टेबलावर आणला. टेकवून ठेवला तर घसरे. म्हणून तो जाऊबाईंनी धरून बसायचं. दोन तास.

"सरळ धर. हलतेस."

"हात भरून आला हो."

"माझा नाही येत भरून?"

तीन महिने जाऊबाई आरशाशिवाय केस विंचरत होत्या. मीही ते बघत होते. एक दिवस भावोजींनी टाक खाली ठेवून त्यांच्याकडे निरखून बघितलं. मला वाटलं आता दोन गोड शब्द बोलतील.

"भांग वाकडा आहे तुझा," ते म्हणाले.

सराव संपल्यावर आरसा परत बसवायचा राहून गेला. तो बेडरूममध्ये भिंतीकडे तोंड करून उभा होता.

चित्रीकरण एका सकाळी झालं. मला आणि जाऊबाईंना बघायला नेलं होतं. भावोजींना झालरीची बाही चढवली, हाताला पावडर लावली, दिवे लागले, आणि त्यांनी पहिल्याच झटक्यात अख्खं पान लिहून काढलं. एकही थेंब नाही, एकही थांबणं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिल्म डब्यात गेली. डब्यावर चिकटवायच्या चिठ्ठीत सूचना लिहायची असते. ते काम करणारी मुलगी पुढे आली, गळ्यात दोरीने पेन अडकवलेली, वीस-बावीसची.

"हा शॉट फिरवून छापायचा ना सर? मी लिहिते."

"तुम्ही लोक मेणबत्त्या वाढवता," भावोजी म्हणाले आणि तिच्या गळ्यातलं पेन ओढून घेतलं. दोरी तिच्या मानेला घासली. चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली. अक्षरं होती, म्हणून उजव्या हाताने.

जाऊबाईंनी चिठ्ठीकडे बघितलं, मग त्या मुलीच्या मानेकडे.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, नऊ तारखेला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी वर फोन वाजला. मी वर चादरींच्या घड्या करायला गेले होते, कारण मोठ्या चादरीला दोघी लागतात. भावोजी कामावर होते. फोन सिनेमाच्या एडिटरचा होता. तो इतका ओरडून बोलत होता की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"बाई, साहेब आहेत का? दिग्दर्शक आमचे दवाखान्यात आहेत, पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय, आणि निर्मात्याला उद्या सिनेमा तयार हवाय. डब्यावर साहेबांची चिठ्ठी आहे, पण ती वाचता येत नाही हो. चार जणांनी बघितली. मुंग्या चालल्यासारखं आहे."

"हे नाहीत. काय हवं होतं?"

"त्या लिहिण्याच्या शॉटमध्ये हात डावा दिसतोय. बाकी सिनेमाभर उजवा. फिरवून छापायचं आहे का?"

जाऊबाईंनी बेडरूमच्या दारातून आत बघितलं. भिंतीकडे तोंड केलेला आरसा तिथून दिसत होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं.

"नाही, नाही," त्या म्हणाल्या. "आहे तसंच ठेवा."

"पण हात?"

"यांनी पुस्तकांतून बघितलंय ना सगळं. शेवटच्या आजारात त्या संगीतकाराचा उजवा हात लुळा पडला होता. शेवटचं पान त्याने डाव्या हाताने लिहिलं."

"अरे वा! हे आम्हाला कोणी बोललंच नाही! आणि मेणबत्ती दुसऱ्या बाजूला आहे, ती?"

"डाव्या हाताने लिहायचं म्हणजे उजेड दुसरीकडूनच लागणार ना?"

"खरंच की. नोटेशन बरोबर असेल ना? मला काही कळत नाही त्यातलं, मला नुसते तारेवर बसलेले कावळे दिसतात."

"यांनी लिहिलंय ते," जाऊबाई म्हणाल्या. "हे कधी चुकत नाहीत."

"बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या."

"घरात पुष्कळ काम आहे मला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. गोष्ट सांगताना असतो तसाच आवाज, आणि मधे कोणी 'बुधवार' म्हणालं नव्हतं.

"ते टोक ओढून धर," त्या मला म्हणाल्या. आम्ही घडी घातली. दुसरी चादर घेतली. "लिहिणार आहेस आज?"

"रोजच लिहिते, वहिनी."

"मग लिही की."

मी लिहिलं. वेळ, कोणाचा फोन, दोन्हीकडचं बोलणं, चादरी चार.

सिनेमा लागायला सात आठवडे होते. दिग्दर्शक तोवर अंथरुणातच होते. भावोजी रोज जिन्यात भेटत. "काय वहीवाले, ऊन की ढग?" "ऊन," मी सांगत असे. चाळीसवेळा तरी सांगितलं असेल. मधल्या कुठल्याही दिवशी एक वाक्य बोलले असते तर फिल्म फिरवायला वेळ होता. मी दरवेळी हवा तेवढी सांगितली.

पहिला खेळ रविवारी दुपारी होता. वाद्यवृंदाला साठ खुर्च्या दिल्या होत्या. भावोजींनी कोट घातला होता. ते मधल्या रांगेत बसले, त्यांच्या एका बाजूला जाऊबाई, दुसऱ्या बाजूला मी. दीड तास ते एका शब्दाने बोलले नाहीत. पडद्यावर पियानो चुकीच्या शतकातला होता, संगीतकाराचा केसांचा टोप एका दारातून आत जाताना करडा आणि दुसऱ्या दारातून बाहेर येताना पांढरा होता, आणि पिसाच्या टाकाला जवळून दाखवताना चक्क लोखंडी निब होतं. भावोजींना दिसत होतं, मला कळत होतं. त्यांनी फक्त कोटाचं बटण नीट केलं. स्वतःच्या घरचं कार्य असल्यावर माणूस आमटीत मीठ कमी आहे म्हणत नाही, तसं.

मग शेवटचा आजार आला. अंथरुणातल्या संगीतकाराने उजव्या हाताने पेला उचलला, उजव्या हाताने कुत्र्याला थोपटलं, आणि ओठ मिटलेले असताना त्याचा आवाज आला, "माझा उजवा हात मला सोडून गेला. आता डाव्या, तूच." एडिटरने हे वाक्य मागाहून घातलं होतं. मेणबत्ती टुणकन दुसऱ्या बाजूला गेली, आणि पडदाभर भावोजींचा हात आला.

हात सुंदर होता. तो मनगटातून वाकलेला, घराएवढा डावा हात, आणि त्याच्याखालून एकामागून एक उमटणारे काळे सूर. चार सेकंद सगळं थिएटर तो हात बघत होतं. पण साठ जण असे होते ज्यांना ते वाचता येत होतं. पान उजव्या कडेला सुरू होत होतं. सगळी चिन्हं पाठमोरी. सूर डावीकडे चालले होते, मागे मागे.

पहिला हसला तो ओबोवाला, त्या विलायती सनईचा वादक. त्याचं हसणं नाकातून निघालं आणि मग त्याला आवरेना. त्याच्या शेजारी दोघं, मग अख्खी रांग. ज्यांना नोटेशन येत नव्हतं ते येणाऱ्यांना विचारू लागले आणि कळल्यावर तेही हसू लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, हा मरून मग जन्माला येणार!" पडद्यावर संगीतकाराने पान संपवलं आणि लुळ्या उजव्या हाताने सर्वांना आशीर्वाद दिला. ढोल वाजवणारा खुर्चीवरून घसरला.

"फिरवलं नाही," भावोजी म्हणाले. "फिरवलं नाही यांनी."

जाऊबाई ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, आरसा धरल्यासारखे.

शेवटी नावं आली. भावोजींचं नाव 'ऐतिहासिक सल्लागार' म्हणून एकट्याचं होतं, मोठ्या अक्षरांत. साठच्या साठ जण उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी तालमीला प्रत्येक स्टँडवर पान उलटं लावलेलं होतं. वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणाला, "मंडळी, आज आधी घरी जाऊ, मग वाजवू." कॉपी-रूममध्ये, टेबलावरच्या त्या रिकाम्या जागी, लाल फीत बांधलेलं नवं ब्लेड ठेवलं होतं. आठवड्याने पेपरात एका वाचकाचं पत्र आलं, त्या सिनेमातल्या सतरा चुकांची यादी. पहिल्या क्रमांकावर भावोजींचा हात. त्यांनी ते कात्रण काढलं, चुकांच्या वहीत चिकटवलं आणि दोनशे तेरा असा आकडा घातला. ती वही पुढे मी बघितली आहे. आकडा सुद्धा धड लागत नाही.

मग ते कोणाची चूक हे शोधायला निघाले. त्यांना गळ्यात दोरी अडकवलेली ती मुलगीच असणार असं वाटत होतं. पण एडिटरने चिठ्ठी पुढे केली. "वाचा तुम्हीच, साहेब." भावोजींना स्वतःलाही ती पहिल्या खेपेला लागली नाही. "म्हणून तर तुमच्या घरी फोन केला," एडिटर म्हणाला. "नऊ तारखेला. बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं की."

त्यांनी घरी विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "फोन? नाही बाई."

दुपारी तीनच्या सुमाराला ते माझ्याकडे खाली आले. बसले नाहीत.

"वहीवाले, नऊ तारीख काढ."

मी कपाटातून वही आणली. पान उघडलं. माझ्याच अक्षरात सगळं होतं, सिस्टरने शिकवलेल्या गोल, सरळ अक्षरात. वरच्या मजल्यावर जाऊबाईंच्या चालण्याचा आवाज येत होता. चालताचालता तो थांबला.

"काही लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"कोरं आहे. राहिलं असेल त्या दिवशी."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. "तुझे वडील गेले त्या दिवशीचं लिहिलंयस तू. माझा भाऊ गेला त्या दिवशीचं लिहिलंयस. किती वाजता गेला, हवा कशी होती. आणि नऊ तारीख कोरी?"

मी वही मिटली.

"दाखव," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला, डावा. मी वही छातीशी धरली. तो हात तसाच थोडा वेळ राहिला आणि मग खाली गेला.

"तुलाही माहीत होतं," ते म्हणाले. मग जिन्यावर त्यांची पावलं एकेका पायरीवर वाजत वर गेली. मी ऐकत राहिले. वर भांडण होईल असं वाटलं होतं. काहीच आवाज आला नाही.

दोन दिवसांनी वर बायका जमल्या होत्या. भावोजी कोपऱ्यात पेपर घेऊन. जाऊबाईंनी कपात चहा ओतला आणि कितीतरी वर्षांनी ती गोष्ट काढली. "आई गेली त्या दिवशी काय पाऊस होता!" त्या थांबल्या. किटली हातात धरून पेपराकडे बघत राहिल्या. "होता ना हो?"

पेपर खाली आला.

"होता," भावोजी म्हणाले.

पुढे पाच वर्षं जगले ते. नोकरीची राहिलेली दोन वर्षं त्यांनी ते ब्लेड वापरलं. ज्या माणसाने कधी एक सूर खरवडला नव्हता, त्याचं पान जागोजागी पातळ झालेलं असे, उजेडात धरलं तर भोकं दिसत. घरी ते एकाही तारखेला, वाराला, रंगाला 'नाही' म्हणाले नाहीत. आणि जाऊबाईंचा पाऊस दरवर्षी वाढत गेला. पहिल्या वर्षी नुसता भिजवणारा होता. मग रस्त्यात घोटाभर पाणी आलं. तिसऱ्या वर्षी गुडघाभर. चौथ्या वर्षी झाडं पडली. शेवटी शेवटी पूल वाहून गेला आणि जाऊबाईंना एका नावेतून न्यावं लागलं. प्रत्येकवेळी त्या मधे थांबून विचारत, "होती ना हो नाव?" आणि लोक भावोजींकडे बघत.

"होती," ते म्हणत. एकदा ते आजारी होते, बोलवत नव्हतं. तेव्हा जाऊबाई थांबून राहिल्या. भावोजींनी मान हलवेपर्यंत पुढचं वाक्य बोलल्या नाहीत.

जिन्यात मला ते हवा विचारेनासे झाले. भेटलो की ते कठड्याला सरकून जागा देत, अनोळखी बाईला देतात तशी.

ते एका मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी गेले. बारापर्यंत घर माणसांनी भरलं. वाद्यवृंदातले आले, ओबोवालाही आला आणि रडला. जाऊबाई मधोमध बसल्या होत्या. आरसा परत ड्रेसिंग टेबलवर बसवला होता, केव्हा आणि कोणी ते मला माहीत नाही. त्यांचा भांग सरळ होता.

"काय पाऊस लागलाय सकाळपासून," त्या म्हणाल्या. खिडकीतून ऊन येऊन सगळ्यांच्या पायांवर पडलं होतं. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. दुःखात माणूस काहीही बोलतो असं त्यांना वाटलं असेल.

गर्दी ओसरल्यावर जाऊबाईंनी मला जवळ बोलावलं. "वही घेऊन ये खालची."

"संध्याकाळी लिहीन मी, वहिनी."

"आत्ता लिही. माझ्यासमोर."

मी वही आणली. तारीख लिहिली. ते गेल्याची वेळ लिहिली. मग हवा. समोर गॅलरीत दोरीवरचे टॉवेल वाळून कडक झाले होते. पन्नासाहून जास्त वर्षं त्या जागी मी जे दिसलं ते लिहीत आले होते. जाऊबाई वाट बघत होत्या. घाई नव्हती त्यांना.

मी लिहिलं, 'पाऊस.'

त्यांनी चष्मा लावला, वही डोळ्यांजवळ नेली आणि वाचलं. मग त्या शब्दावर बोट ठेवून मला परत दिली.

"त्याच्या आधी 'धो धो' लिही," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं.